स्वतः बनवलेल्या एफपीजीए बोर्डावर जेटॅग केबल "काल चालली, आज नाही": काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

"काल चांगलं चालत व्हतं, आज चाली नही ऱ्हायनं." जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही प्रोजेक्ट लॅबमध्ये एप्रिल-मेच्या सबमिशनच्या दिवसांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोर्ड स्वतः काढलेला, त्यावर एफपीजीए (आतलं सर्किट आपणच ठरवायची चिप) हाताने डाखलेली, ती प्रोग्राम करायची जेटॅग केबल ऑनलाइन मागवलेली, आणि स्क्रीनवर "नो डिव्हाइस". पुढचे दोन दिवस मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवण्यात जातात. बहुतेक वेळा त्याची काहीच गरज नसते. सॉफ्टवेअरचा संदेश एकच असतो, आजार मात्र पाच-सहा असतात आणि ते जवळपास सगळे टेबलावरच्या तारांत, व्होल्टेजमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये असतात.

खालची उदाहरणं मुख्यतः झायलिंक्स कंपनीच्या स्पार्टन-६ एलएक्स९ या १४४ पायांच्या चिपची आहेत. घरी डाखता येते म्हणून प्रोजेक्ट बोर्डांवर ती अजून दिसते. झायलिंक्सच्याच आर्टिक्स-७ आणि अल्टेराच्या सायक्लोन-४ चे फरक जिथल्या तिथे दिले आहेत.

संदेश नको, आकडा वाचा

जेटॅगचं प्रमाणक १९९० चं, म्हणजे जळगावच्या विद्यापीठाच्या वयाचं. त्याच्या तारा चार: टीसीके ठोके देते, टीएमएस चिपची अवस्था बदलते, टीडीआयवरून माहिती चिपमध्ये जाते, टीडीओवरून बाहेर येते. त्यातल्या दोन नियमांवर सगळं निदान उभं आहे. टीएमएस उंच ठेवून टीसीकेचे पाच ठोके दिले की चिप कुठल्याही अवस्थेतून रीसेटला येते. आणि रीसेटनंतर टीडीओवर आधी ३२ बिटांचा आयडीकोड बाहेर पडतो, ज्याचा सर्वांत खालचा बिट नेहमी १ असतो. (ज्या चिपमध्ये आयडीकोड नसतो ती एकच ० देते.) म्हणजे चिपमध्ये काही प्रोग्राम नसला तरी हा आकडा यायलाच हवा.

तो कच्चा आकडा दाखवणारं साधन वापरा: ओपनओसीडी, ओपनएफपीजीएलोडर, किंवा अल्टेराच्या क्वार्टस सॉफ्टवेअरबरोबर येणारं जेटॅगकॉन्फिग डीबग पर्यायासह. एलएक्स९ चा हेक्स आकडा साधारण २४००१०९३ असा येतो. पहिला अंक चिपच्या आवृत्तीचा, तो बदलू शकतो. शेवटचं ०९३ झायलिंक्सचं. आर्टिक्स-७ १००टी असेल तर ०३६३१०९३. आता काय आलं ते बघा.

सगळे १ आले, तर टीडीओ कोणी चालवतच नाही. केबलच्या आतला पुल-अप (तार उंच धरणारा रोध) त्याला वर धरून बसला आहे. चिपला वीज नाही, टीसीके किंवा टीएमएस पोहोचत नाही, टीडीओची तार तुटली, नाहीतर टीडीआय-टीडीओ उलटे लागले.

सगळे ० आले, तर टीडीओ ग्राउंडला चिकटला आहे किंवा केबलच्या बफरला व्हीरेफ, म्हणजे बोर्डावरून येणारं संदर्भाचं व्होल्टेज, मिळत नाही.

आकडा आला पण सरकलेला, तर टीसीकेची तार खराब आहे. हे उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. २४००१०९३ ऐवजी १२०००८४९ किंवा ९२०००८४९ दिसलं की समजा, चिपने एका ठोक्याचे दोन मोजले. पहिला बिट वाचायच्या आतच निघून गेला आणि बाकीचे सगळे एक घर खाली सरकले, म्हणून शेवटच्या ९३ चे ४९ झाले. वरच्या टोकाला जो बिट आत आला तो टीडीआयवरून केबलनेच पाठवलेला. तो ० की १, यावर सुरुवातीचा अंक १ की ९ हे ठरतं. असा आकडा आला तर ड्रायव्हरला हातही लावू नका.

एकच चिप असताना साखळीत चार-पाच चिपा दिसतात, किंवा दर वेळी वेगळा आकडा येतो, तोही याच जातीचा दोष.

संगणकाला केबलच दिसत नसेल तर

हे लवकर उरकतं. सोबतची यूएसबी तार फक्त चार्जिंगची नाही ना, ते आधी बघा. मोबाइलबरोबर आलेल्या तारांत हा घोळ फार असतो. लिनक्सवर एलएसयूएसबी चालवून केबलमधल्या एफटीडीआय कंपनीच्या यूएसबी चिपचा आकडा, म्हणजे एफटी२३२एच साठी ०४०३:६०१४ आणि एफटी२२३२एच साठी ०४०३:६०१० दिसतं का बघा. दिसतं पण उघडत नाही, तर यूडेव्हचा नियम (साध्या वापरकर्त्याला केबल उघडू देणारा) घालायचा राहिला. विंडोजवर खरी भानगड झॅडिग या ड्रायव्हर बदलणाऱ्या साधनाची. ओपनओसीडीसाठी झॅडिगने ड्रायव्हर बदलून विनयूएसबी केला की एफटीडीआयच्या मूळ ड्रायव्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला तीच केबल दिसेनाशी होते, आणि "काल चालत होतं" चा जन्म होतो. डिव्हाइस मॅनेजरमधून तो ड्रायव्हर काढून मूळचा परत घाला. शक्य असेल तर दोन कामांना दोन केबली ठेवा.

वीज: रेग्युलेटरवर नाही, चिपच्या पायाशी मोजा

स्पार्टन-६ तीन पुरवठे नीट उभे राहिल्याशिवाय जागी होत नाही: आतल्या लॉजिकचा व्हीसीसीइंट १.२ व्होल्ट (१.१४ ते १.२६), सहाय्यक व्हीसीसीऑक्स २.५ (२.३७५ ते २.६२५) किंवा ३.३ व्होल्ट, आणि बँक २ चा (बँक म्हणजे पिनांचा एक गट) व्हीसीसीओ. बँक २ च्या पिना डिझाइनमध्ये वापरत नाही म्हणून तिचा पुरवठा जोडायचाच राहिला, असे बोर्ड बरेच सापडतात. सस्पेंड पिन वापरात नसेल तर ती ग्राउंडला हवी, तरंगती नको. आर्टिक्स-७ मध्ये जेटॅगच्या पिना बँक ० मध्ये असतात. तिथे सीएफजीबीव्हीएस ही पिन बँक २.५ किंवा ३.३ व्होल्टवर असेल तर व्हीसीसीओ-० ला, १.८ किंवा १.५ वर असेल तर ग्राउंडला बांधावी लागते.

स्पार्टन-६ मध्ये जेटॅगच्या चारही पिना व्हीसीसीऑक्सवर चालतात, त्यामुळे हेडरच्या (केबल लावायच्या पिनांच्या संचाच्या) व्हीरेफ पिनला व्हीसीसीऑक्सच जोडायचा. चांगली केबल व्हीरेफवरून फक्त पातळी ओळखते, बोर्डाला वीज देत नाही. केबल लावली की बोर्ड पेटेल ही अपेक्षा चुकीची आहे.

आता खास आपल्याकडचा त्रास: सकाळी चालतं, दुपारी बंद पडतं. स्वस्त बोर्डावर ५ व्होल्टवरून थेट १.२ व्होल्ट करायला एएमएस१११७ रेग्युलेटर बसवलेला असतो. डिझाइन चालू असताना ३०० मिलिअँपिअर ओढले गेले, तर (५ − १.२) × ०.३ म्हणजे १.१४ वॅट त्या इवल्याशा तुकड्यात जळतात. खाली तांबं नसेल तर दर वॅटला ९० अंशांपर्यंत तापमान चढतं, म्हणजे १०० अंशांहून जास्त वाढ. भुसावळ-जळगावात मेमध्ये खोलीतच ४०-४२ अंश असतात. बेरीज १४० च्या पुढे जाते, आणि त्याची कमाल मर्यादा १२५ आहे. तो स्वतःला बंद करतो, थंड झाला की परत चालू होतो, आणि साखळी दिसते-जाते-दिसते. बोट लावून बघू नका, भाजेल. रेग्युलेटरच्या मोठ्या टॅबखाली दीड-दोन चौरस इंच तांबं सोडा किंवा छोटा बक कन्व्हर्टर लावा. खात्री करायला मल्टिमीटर १.२ व्होल्टवर लावून दहा मिनिटं नुसतं बघत बसा.

दुसरा सापळा यालाच लागून आहे. ३.३ व्होल्टवरून एएमएस१११७-२.५ ला पुरवठा दिला, तर मधलं अंतर ०.८ व्होल्ट. त्याला किमान १.१ ते १.३ व्होल्टचं अंतर लागतं. त्यामुळे व्हीसीसीऑक्स २.१-२.२ वरच अडकतो. एलईडी पेटतो, बोर्ड जिवंत वाटतो, चिप मात्र उत्तर देत नाही. २.५ साठी ५ व्होल्टवरून घ्या, किंवा व्हीसीसीऑक्स सरळ ३.३ ठेवा आणि डिझाइनच्या सेटिंगमध्येही तसं लिहा.

तारा

टीडीआय-टीडीओ हा पहिला गोंधळ. सीरियल पोर्टची सवय असलेला माणूस टीएक्स-आरएक्ससारखे तेही उलटवतो. जेटॅगमध्ये नावं चिपच्या बाजूने असतात: केबलचा टीडीआय चिपच्या टीडीआयला, टीडीओ टीडीओला. एफटी२३२एच मॉड्यूल वापरत असाल तर एडी० टीसीके, एडी१ टीडीआय, एडी२ टीडीओ, एडी३ टीएमएस. उलटं लावलं तर केबल चिपचा टीडीआय वाचत बसते, त्यावर आतला पुल-अप असतो, आणि सगळे १ येतात.

झायलिंक्सचं १४ पिनांचं हेडर २ मिमी अंतराचं असतं. गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात २.५४ मिमीचीच बर्ग स्ट्रिप मिळते, २ मिमीची मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावी लागते. पिना वाकवून एकात दुसरं बसवायचा प्रयोग करू नका. त्यात २ क्रमांकावर व्हीरेफ, ४ टीएमएस, ६ टीसीके, ८ टीडीओ, १० टीडीआय, आणि ३ ते ११ या विषम पिना ग्राउंड.

अल्टेराचं १० पिनांचं हेडर २.५४ मिमीचं: १ टीसीके, २ ग्राउंड, ३ टीडीओ, ४ व्हीसीसी, ५ टीएमएस, ९ टीडीआय, १० ग्राउंड. नुसती बर्ग स्ट्रिप लावली असेल तर केबलच्या चपट्या तारेचा एफआरसी कनेक्टर दोन प्रकारे चुकतो. पूर्ण उलटा बसला तर १ च्या जागी १०, ४ च्या जागी ७. टीसीके आणि टीडीआय ग्राउंडला जातात, व्हीसीसी मोकळ्या पिनेवर पडतो, सहसा काही जळत नाही. पण एक जोडी सरकून बसला आणि केबलची २ क्रमांकाची पिन बोर्डाच्या ४ वर आली, तर ग्राउंड थेट व्हीसीसीवर. रेग्युलेटर किंवा लॅपटॉपचा पोर्ट, कोण आधी जाईल ते नशीब. सरकणं उलटण्यापेक्षा वाईट. खाचेचा बॉक्स हेडर लावला की दोन्ही प्रश्न मिटतात, आणि तो फार महागही नसतो.

कंटिन्युइटी तपासताना हेडरपासून चिपच्या पायापर्यंत तपासा, पॅडपर्यंत नाही. प्रोब पायाच्या वरच्या वळणावर टेकवा. खाली दाबलं तर न डाखलेला पायही पॅडला टेकतो आणि बीप वाजतो.

सायक्लोन-४ मध्ये टीएमएस आणि टीडीआयला १० किलोओहमचा पुल-अप आणि टीसीकेला १ किलोओहमचा पुल-डाउन बाहेरून द्यावा लागतो. पुल-अप २.५ व्होल्टच्या व्हीसीसीएला द्या, केबलची ४ क्रमांकाची पिनही तिथेच.

टीसीके

सरकलेला आकडा आला असेल तर सगळं लक्ष इथे. एफटी२३२एच टीसीकेची कड एक-दोन नॅनोसेकंदांत बदलतो. ३० सेंमीच्या सुट्या जंपर तारेत ती कड टोकाला जाऊन परत येते, चढताना मध्येच खळगा पडतो, आणि चिपला एकाऐवजी दोन कडा दिसतात. लक्षात ठेवायची गोष्ट: वेग कमी केल्याने कड मंद होत नाही. १५ मेगाहर्ट्झवरून १ वर आणलं तर टीडीओला पोहोचायला वेळ मिळतो, म्हणून काही बोर्ड चालू लागतात. पण खळगा तिथेच राहतो. १०० किलोहर्ट्झवरही आकडा सरकतच असेल तर दोष कडेचा आहे हे पक्कं.

उपाय तारेवरच करायचे. केबलच्या टोकाशी टीसीकेमध्ये ३३ ओहमचा रोध लावा. चिपच्या टोकाशी लावून तेवढा उपयोग नाही. तार १०-१५ सेंमीच्या आत ठेवा. टीसीकेच्या तारेभोवती ग्राउंडची तार पिळा, आणि सहा तारांत एकच ग्राउंड असेल तर दुसरं द्या. एवढ्यानेही भागलं नाही तर चिपजवळ टीसीके ते ग्राउंड २२ ते ४७ पिकोफॅरड लावून बघा. ही मलमपट्टी आहे, पण सबमिशनच्या आदल्या रात्री चालते. डीएसओवर (डिजिटल ऑसिलोस्कोपवर) बघायचं असेल तर प्रोब १० पटीवर ठेवा आणि ग्राउंडची लांब मगरचिमटी काढून छोटी स्प्रिंग लावा, नाहीतर जो खळगा दिसेल तो प्रोबचाच असेल.

बोर्ड १.८ व्होल्टचा आणि मॉड्यूल ३.३ चं असेल तर मध्ये पातळी बदलणारी चिप हवी. टीएक्सएस०१०८ई ची तयार मॉड्यूलं स्वस्त मिळतात, पण ती दिशा स्वतः ओळखतात आणि प्रत्येक कडेला स्वतःचा धक्का देतात. टीसीकेला नेमकं तेच नको. प्रत्येक बिटाची दिशा वेगळी ठरवता येणारी ७४एव्हीसी४टी७७४ घ्या: तीन बिट बाहेर, एक आत.

अर्थिंग, कूलर आणि मेलेले पाय

केबल बरोबर, तारा बरोबर, तरी दर उन्हाळ्यात एखादी चिप जेटॅगला बहिरी होत असेल तर लॅपटॉपचा चार्जर बघा. दोन पिनांच्या चार्जरच्या आतल्या फिल्टरमुळे लॅपटॉपचं ग्राउंड अर्थच्या तुलनेत साधारण अर्ध्या मेन्सवर तरंगतं. मल्टिमीटर तिथे शंभरच्या आसपास एसी व्होल्ट दाखवतो. प्रवाह अगदी थोडा, हाताला नुसती झिणझिण. पण बोर्डाची बाजू डीएसओ किंवा बेंच सप्लायमार्फत अर्थला असेल आणि ग्राउंडच्या आधी टीएमएसची पिन टेकली, तर तो सगळा झटका त्या पिनेतून जातो. तीन पिनांचा चार्जर हे टाळतो, मात्र अर्थिंग खरोखर असेल तरच. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि सॉकेटमधली तिसरी पिन नावापुरती उरते. सॉकेटमध्ये फेज-अर्थ मोजा: फेज-न्यूट्रलएवढंच यायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत. नसेल तर आधी खड्ड्यात पाणी घाला आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

केबल जोडण्याआधी यूएसबीच्या धातूच्या कडेपासून बोर्डाच्या ग्राउंडपर्यंत एसी व्होल्टेज मोजायची सवय लावा. एक-दोन व्होल्ट ठीक. दहा-वीसच्या पुढे असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. ग्राउंडची एक वेगळी मगरचिमटी आधी लावा, मग बोर्ड चालू करा, मग केबल. काढताना उलट क्रम. बोर्ड बंद असताना केबल लावली तर मॉड्यूलचे ३.३ व्होल्ट टीएमएस-टीडीआयच्या आतल्या डायोडमधून व्हीसीसीऑक्समध्ये शिरतात, चिप अर्धवट जागी होते, आणि नंतर बोर्ड चालू केला तरी तिला स्वच्छ रीसेट मिळत नाही.

कूलरची मोटर बंद-चालू झाली की यूएसबी तुटते, ही तक्रार खरी आहे. कूलर वेगळ्या सॉकेटवर न्या, आणि यूएसबीच्या तारेवर फेराइटचं कडं चढवा. एडीयूएम३१६० किंवा ४१६० चा यूएसबी आयसोलेटर घेतला तर अर्थिंगचा सगळाच प्रश्न सुटतो. तो १२ मेगाबिटवरच चालतो, त्यामुळे एफटी२३२एच हळू होतो, बिघडत नाही.

पाय मेला का ते असं बघा. बोर्ड आणि केबल दोन्ही सोडवा, मल्टिमीटर डायोडवर ठेवा, लाल प्रोब ग्राउंडला, काळा एकेक जेटॅग पिनेला. चारही पिनांवर ०.४ ते ०.७ व्होल्टच्या दरम्यान जवळजवळ सारखंच यायला हवं. एक शून्याजवळ किंवा एक अनंत दाखवत असेल तर तो पाय गेला.

एकदाच प्रोग्राम झाला, नंतर दिसेनाच

इथे केबल निर्दोष असते. फ्लॅशमधलं (चिपबाहेरच्या मेमरीतलं) डिझाइन चालू होताच कुठल्या तरी दोन आउटपुटांची टक्कर होते आणि पुरवठा कोसळतो. मोड पिना एम१-एम० दोन्ही १ करा, म्हणजे स्पार्टन-६ फ्लॅश वाचणार नाही, पण जेटॅग चालू राहील. मग फ्लॅश पुसा. लॅटिसच्या मॅकएक्सओ२ आणि गोविन कंपनीच्या काही चिपांत डिझाइननेच जेटॅगच्या पिना साध्या आय-ओ करून टाकलेल्या असतात. मॅकएक्सओ२ वर जेटॅगइएनबी उंच धरा, गोविनवर जेटॅगसेल-एन खाली. आणि चिप आइस४० एचएक्स असेल तर केबल शोधूच नका. ती जेटॅगने प्रोग्राम होत नाही, एसपीआय या वेगळ्या तारांवरून होते.

जेटॅगचा पाय खरोखर मेला असेल तरी एलएक्स९ फेकू नका. प्रोग्राम-बी पिन ग्राउंडला धरा, म्हणजे चिप फ्लॅशच्या तारा सोडून देते. मग एफटी२३२एच आणि फ्लॅशरॉम या सॉफ्टवेअरने बिटफाइलचं बिन-रूप थेट एसपीआय फ्लॅशमध्ये लिहा. मोड पिना एम१ = ०, एम० = १ करा, प्रोग्राम-बी सोडा. चिप तयार झाल्याचं सांगणारा डनचा एलईडी पेटला की बोर्ड चालू.